अमानत आणि कब्जा : नामिबियाच्या सुटकेची हकीकत

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेले भाषण, स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने)



युनोत अमुक ठराव झाला, तमुक देशाचा निषेध झाला, अशा बातम्या तुम्ही नेहमी वाचता. वाचून पान उलटता. ठरावाने काय होते, ज्याच्या हातात बंदूक आहे तो ठरावाला जुमानतो थोडाच, असे आपण चहा पिता पिता म्हणतो आणि विषय संपतो. वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना संयुक्त राष्ट्रांचा धडा आला की दहावीची मुलेही हेच विचारतात. त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. जगात आजही अशी भूमी आहे की जिच्यावर परक्याचा बेकायदा ताबा आहे आणि जिच्याविषयीच्या ठरावांच्या कागदांनी कपाटे भरली आहेत. म्हणून मी एका देशाची हकीकत तुमच्यापुढे मांडणार आहे. त्या देशाच्या बाबतीत कागदाने काय केले आणि काय केले नाही, हे दोन्ही आता पुरते कळले आहे. तो देश म्हणजे नामिबिया.

नकाशा काढून बघा. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, दक्षिण आफ्रिकेच्या वर आणि अंगोलाच्या खाली हा देश आहे. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, पण वस्ती आजही सुमारे तीस लाख. समुद्रालगत वाळवंट, आत गुरे चारण्याची माळराने, आणि जमिनीच्या पोटात हिरे, तांबे व युरेनियम. या पोटातल्या संपत्तीनेच सारा घात केला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

१८८४ साली जर्मनीने या प्रदेशावर हक्क सांगितला. १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांनी जमिनीसाठी बंड केले, तेव्हा जर्मन सैन्याने त्यांना वाळवंटात हाकलून तहानेने मारले. उरलेल्यांना छावण्यांत कोंडले. हेरेरो जमातीचा फार मोठा हिस्सा त्यात नाहीसा झाला. तो वंशसंहार होता, हे जर्मन सरकारने उघडपणे मान्य करायला २०२१ साल उजाडावे लागले.

पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या फौजांनी जर्मनांचा पराभव करून हा प्रदेश घेतला. युद्ध संपल्यावर राष्ट्रसंघ स्थापन झाला. जिंकलेल्या वसाहती वाटून खायच्या नाहीत, त्या प्रगत राष्ट्रांनी तेथील जनतेच्या भल्यासाठी सांभाळायच्या, असे तत्त्व ठरले. राष्ट्रसंघाच्या करारात त्यासाठी जो शब्दप्रयोग आहे, त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा तर ‘पवित्र अमानत’. १९२० साली ही अमानत दक्षिण आफ्रिकेकडे सोपवण्यात आली.

आता अमानत म्हणजे काय, हे आपल्या समाजाला मी सांगायला नको. वक्फच्या मिळकतीला मुतवल्ली नेमतात. यतीम मुलाच्या जमिनीला पालनकर्ता नेमतात. तो नांगरतो, उत्पन्न घेतो, हिशेब ठेवतो. पण सातबाऱ्यावर मालक म्हणून त्याचे नाव लागत नाही. पंचवीस वर्षे सांभाळली म्हणून जमीन त्याची होत नाही. आणि समजा, ज्या जमातीने त्याला नेमले तीच उद्या मोडली, तरी ‘आता मला विचारणारे कोणी उरले नाही, तेव्हा मालक मीच’ असे त्याला म्हणता येईल काय? नामिबियाचा सत्तर वर्षांचा झगडा या एका प्रश्नावर उभा होता. कायद्याची मोठमोठी पुस्तके बाजूला ठेवा, हा प्रश्न तेवढा ध्यानात ठेवा.

दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ खरोखरच मोडला आणि त्याच्या जागी संयुक्त राष्ट्रे आली. बाकीच्या बहुतेक अमानतदारांनी आपापले प्रदेश नव्या संस्थेच्या विश्वस्त योजनेखाली दिले. दक्षिण आफ्रिकेने दिला नाही. १९४६ साली तिचे पंतप्रधान जनरल स्मट्स युनोपुढे उभे राहिले आणि हा प्रदेश आम्हाला जोडून टाकू द्या म्हणाले. मौज अशी की युनोच्या सनदेच्या सुरुवातीला मानवी हक्कांची जी उदात्त भाषा आहे, तिच्या रचनेत याच स्मट्ससाहेबांचा मोठा हात होता! तेथील जनतेला आम्ही विचारले, दोन लाखांहून अधिक लोक आमच्या बाजूचे आहेत, असा आकडाही त्यांनी पुढे केला. कोणाला विचारले, कसे विचारले, हे विचारण्याची सोय मात्र ठेवली नव्हती.

त्या वेळी त्यांना अडवणाऱ्यांत हिंदुस्थान आघाडीवर होता. अजून आपण स्वतंत्रही झालो नव्हतो. श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या शिष्टमंडळात मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती महंमद करीम छगला होते. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न आपण त्याच वर्षी युनोत नेला आणि त्याच वर्षी त्या देशाशी व्यापार बंद केला. हा विषय आपल्या कोकणाला परका नाही. रत्नागिरी-रायगडकडील कितीतरी घराण्यांची एखादी शाखा केपटाऊनला आहे. कोकणी मुसलमान म्हणून ओळखला जाणारा समाज तेथे शंभर वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे. वर्णभेदाचे कायदे त्यांनी पुस्तकात वाचले नाहीत, अंगावर सोसले.

युनोने १९४६ च्या डिसेंबरात जोडणीला नकार दिला. तिकडे हेरेरो जमातीचे वृद्ध प्रमुख होसिया कुटाको यांना परदेशी जाण्याची परवानगी नव्हती. तेव्हा मायकेल स्कॉट नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने त्यांचे अर्ज घेऊन न्यूयॉर्क गाठले आणि १९४९ साली युनोच्या समितीपुढे ते मांडले. एक माणूस, त्याची एक पिशवी आणि तिच्यात काही कागद. यानंतर चाळीस वर्षे चाललेला दबाव अशा रीतीने सुरू झाला.

१९५० साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की अमानत अजून अमानतच आहे, दक्षिण आफ्रिकेला एकटीच्या मर्जीने तिचे स्वरूप बदलता येणार नाही. पण असे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे असते. दक्षिण आफ्रिकेने ते बाजूला सारले आणि आपल्या देशातले वर्णभेदाचे कायदे तेथे लागू करण्याचा सपाटा चालवला. उत्तरेतील ओवाम्बो तरुणाला खाणीत किंवा गोऱ्याच्या शेतावर कामाला जायचे तर कराराखेरीज जाता येत नसे. बायकामुलांना बरोबर नेता येत नसे, आणि काम सोडले तर तो गुन्हा ठरत असे.

मग इथिओपिया आणि लायबेरिया हे राष्ट्रसंघाचे जुने आफ्रिकी सभासद पुढे आले. त्यांनी १९६० साली रीतसर दावा लावला. याचा निकाल बंधनकारक होणार होता. जवळजवळ सहा वर्षे खटला चालला. १८ जुलै १९६६ रोजी निकाल लागला, आणि तो काय? न्यायाधीशांची मते सात विरुद्ध सात अशी समसमान पडली. ऑस्ट्रेलियाचे अध्यक्ष सर पर्सी स्पेंडर यांनी निर्णायक मत टाकले, आणि वादींना हा दावा लावण्याचा अधिकारच पोचत नाही म्हणून दावा फेटाळला गेला. सहा वर्षांनंतर कळले की दार ठोठावणारा चुकीचा होता! अमानतीत खयानत झाली की नाही, या मूळ प्रश्नाला न्यायालयाने हातही लावला नाही. पाकिस्तानचे न्यायमूर्ती झफरुल्ला खान त्या खटल्यात बसले नव्हते. ते असते तर, अशी हळहळ पुढे पुष्कळांनी व्यक्त केली.

या निकालाने दोन गोष्टी झाल्या, आणि दोन्ही एकाच वर्षात झाल्या. ‘स्वापो’ या नामिबियाच्या मुक्तिसंघटनेचा कायद्यावरचा विश्वास उडाला. २६ ऑगस्ट १९६६ रोजी ओमुगुलुग्वोंबाशे येथे तिच्या लढवय्यांची आणि दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांची पहिली चकमक झडली. आणि २७ ऑक्टोबर रोजी युनोच्या आमसभेने न्यायालयाने टाळलेले काम स्वतःच करून टाकले. विश्वस्ताने विश्वासघात केला आहे, सबब त्याची नेमणूक रद्द, हा प्रदेश यापुढे संयुक्त राष्ट्रांच्या जबाबदारीखाली, असा ठराव ११४ विरुद्ध २ मतांनी झाला. विरुद्ध मत देणारे दोघे म्हणजे खुद्द दक्षिण आफ्रिका आणि पोर्तुगाल. पाचच वर्षांपूर्वी गोव्यातून काढता पाय घ्यावा लागलेल्या पोर्तुगालला या प्रश्नात आपले भविष्य दिसले असावे! इंग्लंड आणि फ्रान्स तटस्थ राहिले.

नेमणूक रद्द झाली, पण मुतवल्ली उठला काय? मुळीच नाही. युनोने १९६७ मध्ये या प्रदेशाचा कारभार पाहण्यासाठी एक परिषद नेमली, तिला त्या प्रदेशात पाऊलही टाकता आले नाही. १९६८ मध्ये देशाला ‘नामिबिया’ हे नाव दिले. त्याच वर्षी प्रिटोरियाच्या न्यायालयाने तोइवो या तोइवो या नेत्याला वीस वर्षांची सजा देऊन रॉबेन बेटावर पाठवले. नाव युनोने दिले आणि तुरुंग दक्षिण आफ्रिकेने, असे कोणी म्हटले असते तर ते खरेच ठरले असते. ‘ठरावाने काय होते’ म्हणणाऱ्यांच्या हातात याहून चांगला दाखला नाही. मी तो लपवीत नाही.

पण पुढे ऐका. १९७० साली सुरक्षा समितीने दक्षिण आफ्रिकेचे तेथील वास्तव्य बेकायदा ठरवले, आणि याचे इतर राष्ट्रांवर कायदेशीर परिणाम काय होतात ते सांगा म्हणून पुन्हा हेगला विचारले. १९७१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुनावणी झाली. भारताच्या वतीने बाजू मांडायला कोण उभे राहिले असेल? तेच बॅरिस्टर छगला. १९४६ साली शिष्टमंडळात गेलेले, पुढे मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती, नंतर देशाचे शिक्षणमंत्री आणि परराष्ट्रमंत्री. पंचवीस वर्षांनी तेच माणूस, तोच प्रश्न, आणि पलीकडे तोच प्रतिपक्ष. न्यायालयाच्या अध्यक्षस्थानी या वेळी होते झफरुल्ला खान. मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांना वकिली करायची आहे त्यांनी हा प्रसंग मनात जपून ठेवावा. मुंबईचा एक वकील हेगला जाऊन, आपण न पाहिलेल्या एका देशाच्या हक्कासाठी उभा राहतो, हे काम लहान नव्हे.

२१ जून १९७१ रोजी मत आले. तेरा विरुद्ध दोन मतांनी न्यायालय म्हणाले : दक्षिण आफ्रिकेचे वास्तव्य बेकायदा आहे, तिने ताबडतोब आपला कारभार काढून घ्यावा. आणि दुसरा भाग अधिक महत्त्वाचा : इतर सर्व सभासद राष्ट्रांनी तिचा हा कब्जा मान्य करता कामा नये, त्याला बळ मिळेल असा कोणताही व्यवहार तिच्याशी करता कामा नये. म्हणजे कब्जेदाराकडून खरेदीखत करून घेणारालाही बजावले. त्याबरोबर न्यायालयाने एक फार समजुतीची गोष्ट सांगितली. कारभार बेकायदा असला तरी त्याच्या दफ्तरात झालेल्या जन्म, मृत्यू आणि विवाहाच्या नोंदी रद्द समजू नयेत, कारण त्याने नुकसान होईल ते गरीब रहिवाशांचे. कब्जेदार गैर म्हणून त्याच्या राज्यात जन्मलेले मूल गैर ठरत नाही. हा विचार कायद्याच्या अभ्यासक्रमात आज ‘नामिबिया अपवाद’ म्हणून शिकवला जातो.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने हे मत धुडकावले. पण ज्यांच्यासाठी ते दिले होते त्यांनी ते वाचले! नऊ दिवसांत, ३० जून रोजी, नामिबियातील ल्यूथरन चर्चचे दोन काळे प्रमुख, बिशप लेओनार्ड आऊआला आणि पास्टर पाऊलुस गोवासेब, यांनी दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांना उघड पत्र लिहिले की आमच्या लोकांना न्यायालयाचे म्हणणे पटले आहे, तुमचे नाही. ते पत्र जुलैत गावोगावच्या चर्चमध्ये वाचून दाखवण्यात आले. तोवर राजकारणापासून चार हात दूर राहणाऱ्या धर्मगुरूंची ही वाणी ऐकून फोर्स्टर यांना त्यांची भेट घ्यावी लागली. आणि डिसेंबरात करारावरच्या कामगारांनी संप पुकारला. तेरा हजारांच्या आसपास माणसे कामावरून उठली, खाणी थंडावल्या. हेगच्या एका कागदाने संप घडवला असे मी म्हणणार नाही, पोटाची आग होतीच. पण आपण मागतो आहोत ती भीक नाही, हक्क आहे, हे अधिकारवाणीने कोणीतरी सांगितलेले असले की पाठीचा कणा ताठ होतो. हा कागदाचा पहिला उपयोग.

दुसरा उपयोग समजायला आपल्या गावातली जमिनीची भांडणे आठवा. परक्याने जमीन बळकावली आणि मूळ मालक वर्षानुवर्षे गप्प राहिला, तर कालांतराने कब्जेदार वहिवाटीचा हक्क सांगू लागतो. म्हणून शहाणा मालक काय करतो? जमीन सुटो न सुटो, तलाठ्याकडे दरसाल हरकत नोंदवतो. युनोत नामिबियावर दरसाल होणारे ठराव हे या जातीचे होते. लोक त्यांना हसत. पण त्यांच्यामुळेच दक्षिण आफ्रिकेच्या कब्ज्याला मुदतीचा फायदा मिळाला नाही. तिने १९७५ पासून विंडहूकला परिषद भरवून जमातवार प्रतिनिधींचे एक सोयीचे सरकार उभे केले, पुढे त्याचे नाव बदलले, माणसे बदलली. जगातील एकाही देशाने त्या सरकारला मान्यता दिली नाही. उलट १९७६ मध्ये आमसभेने स्वापोला निरीक्षकाची जागा दिली.

या बहिष्काराची झळ सामान्य कागदपत्रांपर्यंत पोचत असे. माझे आजोबा जहाजावर नोकरीला होते. त्यांचा जुना पासपोर्ट आमच्या घरी आहे. जगातल्या कोणत्याही देशात जाण्याची त्यावर मुभा आहे, फक्त दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया वगळून. त्यांच्या मावसभावाचे कुटुंब केपटाऊनला. जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याने गेले तरी त्यांची गाठ पडली नाही. दबाव टाकणारालाही त्याची किंमत मोजावी लागते, ही गोष्ट मला त्या पासपोर्टने शिकवली.

तिसरा उपयोग पैशाच्या बाजूने झाला. १९७४ साली युनोच्या परिषदेने हुकूम काढला की परिषदेच्या परवान्यावाचून नामिबियातील खनिज बाहेर नेणे म्हणजे चोरी. अंमल करायला पोलीस नव्हते, हे खरे. १९७६ पासून रॉसिंगच्या खाणीतून युरेनियम निघत राहिले आणि युरोपच्या अणुभट्ट्यांसाठी जात राहिले. पण तो माल कायदेशीर नाही, हे प्रत्येक खरेदीदाराला ठाऊक झाले. १९८७ मध्ये परिषदेने हॉलंडच्या न्यायालयात प्रत्यक्ष दावाही लावला. चोरीचा माल विकला जातो, पण निर्धास्तपणे विकला जात नाही.

आता दुसरी बाजू. जे देश कायद्याच्या नावाने सर्वांत मोठ्याने बोलत, त्यांचेच धंदे दक्षिण आफ्रिकेत होते. १९७५ आणि १९७६ मध्ये नामिबियाच्या प्रश्नावर सक्तीची शस्त्रबंदी लादण्याचे ठराव सुरक्षा समितीत आले, तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या तिघांनी नकाराधिकार वापरून ते पाडले. १९८१ मध्ये पुन्हा तेच केले. ठराव निरुपयोगी ठरतो तो पुष्कळदा अंगच्या दुबळेपणाने नव्हे, त्याला पांगळे करून ठेवले जाते म्हणून. वर्तमानपत्र वाचताना हा भेद डोळ्यांपुढे ठेवावा.

त्याच पाश्चात्त्य देशांनी, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा आणि पश्चिम जर्मनी अशा पाच जणांनी, १९७७ साली संपर्क गट काढून मध्यस्थी केली, हेही नमूद केले पाहिजे. तिच्यातून २९ सप्टेंबर १९७८ चा सुरक्षा समितीचा ठराव क्रमांक ४३५ जन्मला. युद्धविराम, युनोच्या देखरेखीखाली निवडणूक, मग स्वातंत्र्य, अशी त्याची तपशीलवार योजना. दक्षिण आफ्रिकेने तत्त्वतः होकार दिला आणि दहा वर्षे अंमल लांबवला. त्याच वर्षीच्या ४ मे रोजी तिच्या विमानांनी अंगोलातील कासिंगा येथील नामिबियनांच्या वस्तीवर हल्ला करून सहाशेच्या आसपास माणसे मारली होती. त्यांत पुष्कळ बायका-मुले होती. पुढे अमेरिकेत रेगन सरकार आले आणि नवी अट निघाली : आधी अंगोलातून क्यूबाचे सैन्य जाऊ द्या, मग नामिबिया. एका यतीमाची जमीन सोडायची तर शेजारच्या घरातला पाहुणा आधी गेला पाहिजे, असा हा न्याय. ही अट मला आजही निव्वळ सबब वाटते. पण इतिहासाची गंमत बघा, शेवटी समझोता झाला तो याच अटीच्या वाटेने.

या दहा वर्षांत आपला देश स्वस्थ नव्हता. १९८२ ते १९८७ या काळात युनोचे नामिबियाविषयीचे आयुक्त होते श्री. ब्रजेश मिश्र. १९८५ च्या एप्रिलात अलिप्त राष्ट्रांची नामिबियासाठी खास बैठक नवी दिल्लीत भरली आणि स्वापोच्या दिल्लीतील कचेरीला वकिलातीचा दर्जा देण्यात आला.

आणि आता ती गोष्ट, जी या शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून सांगितल्यावाचून मला राहवत नाही. २६ ऑगस्ट १९७६ रोजी झांबियाच्या लुसाका शहरात युनोने नामिबियाच्या निर्वासित तरुणांसाठी एक शिक्षणसंस्था उघडली. तिथे काय शिकवत? कारभार, कायदा, शेती, अर्थशास्त्र, शिक्षकाचे काम. देश शत्रूच्या कब्जात, सुटण्याची चिन्हे नाहीत, आणि ही मुले उद्याच्या कचेऱ्या चालवण्याचा अभ्यास करीत बसलेली! संस्थेचे संचालक होते हागे गाइंगोब. चौदा वर्षांनी देश स्वतंत्र झाला तेव्हा तेच पहिले पंतप्रधान झाले, २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्या पदावर असतानाच २०२४ च्या फेब्रुवारीत वारले. लुसाकात शिकून गेलेली शेकडो मुले-मुली पुढे कचेऱ्यांत आणि शाळांत कामाला लागली. पालकहो, पोराला दहावीनंतर लगेच दुबईला धाडण्याची घाई करणाऱ्यांनी या मुलांचा थोडा विचार करावा. त्यांना तर नोकरीचा देशच अजून मिळायचा होता.

शेवट कसा झाला? केवळ ठरावांनी झाला नाही. १९८५ मध्ये परदेशी बँकांनी कर्जाची मुदत वाढवून देण्याचे नाकारले आणि दक्षिण आफ्रिकेची तिजोरी अडचणीत आली. १९८६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने रेगनसाहेबांचा विरोध मोडून निर्बंधांचा कायदा केला. १९८७-८८ मध्ये अंगोलात क्वितो क्वानावाले येथे मोठी लढाई होऊन गाडे अडले. गोऱ्या घरांतली पोरे सीमेवर मरू लागली. सोव्हिएत संघालाही युद्धे आवरायची होती. हे सारे एकत्र आले तेव्हा २२ डिसेंबर १९८८ रोजी न्यूयॉर्कला करारावर सह्या झाल्या. आदल्याच दिवशी, त्या समारंभाला निघालेले युनोचे आयुक्त बेर्न्ट कार्लसन लॉकरबीच्या विमान अपघातात, खरे तर घातपातात, गेले.

पण सह्या कशावर झाल्या, ते पाहा. अंमल करायचा ठरला तो ठराव क्रमांक ४३५! दहा वर्षे धूळ खात पडलेला तोच कागद. लढाईने आणि पैशाच्या तंगीने दक्षिण आफ्रिकेला दारापर्यंत आणले. दाराबाहेर जायचे कसे, कोणाच्या देखरेखीखाली, मागे कोण राहील, हे सारे त्या कागदावर आधीच लिहिलेले होते. तो नसता तर त्या घाईगर्दीत बलवानांनी आपापसात वाटाघाट करून विंडहूकच्या त्या सोयीच्या सरकारलाच गादीवर बसवले नसते, अशी हमी कोण देईल?

१ एप्रिल १९८९ रोजी युनोचे पथक कामाला लागले. मुख्य होते फिनलंडचे मार्टी आहतिसारी, आणि फौजेचे सेनापती आपले लेफ्टनंट जनरल प्रेमचंद. पहिल्याच दिवशी उत्तरेत स्वापोचे लढवय्ये आणि दक्षिण आफ्रिकेचे सैनिक यांत झुंज होऊन काही दिवसांत तीनशेहून अधिक माणसे पडली, आणि सारेच मोडते की काय असे झाले. मोडले नाही. चाळीस हजारांहून अधिक निर्वासित घरी परतले. नोव्हेंबरात निवडणूक झाली. सात लाखांहून अधिक नोंदलेल्या मतदारांपैकी सत्याण्णव टक्क्यांनी मत दिले. आपल्या तालुक्याच्या मतदानाचे आकडे आठवून पाहा! स्वापोला ७२ पैकी ४१ जागा मिळाल्या. एकट्याने घटना लिहिता येण्याइतके, म्हणजे दोनतृतीयांश, बहुमत मिळाले नाही. म्हणून सगळ्यांना बरोबर घेऊन बसावे लागले, आणि माझ्या मते ते देशाच्या हिताचेच झाले. २१ मार्च १९९० रोजी सॅम नुजोमा यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. ती त्यांना युनोच्या सरचिटणीसांनी दिली. वॉल्व्हिस बे हे एकमेव खोल बंदर दक्षिण आफ्रिकेने आणखी चार वर्षे धरून ठेवले, तेही १ मार्च १९९४ ला सुटले.

१९६६ ला नेमणूक रद्द झाली, १९९० ला कब्जा सुटला. मध्ये चोवीस वर्षे. कासिंगाच्या मुलांना ठराव क्रमांक ४३५ चा काही उपयोग झाला नाही, हे विसरून मला कोणाला दिलासा द्यायचा नाही. स्वातंत्र्यानंतरही तेथील चांगली कुरणे पुष्कळशी जुन्याच मालकांच्या हातात राहिली आणि जमिनीचा प्रश्न आजही तेथे धुमसतो आहे. सातबारा बदलला तरी शेत लगेच हाती येत नाही.

हेगच्या त्या १९७१ च्या मताचे आयुष्य मात्र संपलेले नाही. १९ जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातील इस्रायलचे वास्तव्य बेकायदा असल्याचे मत दिले, तेव्हा नामिबियाच्या प्रकरणाचा आधार घेतला. इतर राष्ट्रांनी ही स्थिती मान्य करू नये, तिला साह्य करू नये, हे जुनेच शब्द पुन्हा उच्चारले गेले. त्या प्रकरणाची सुनावणी २०२४ च्या फेब्रुवारीत झाली आणि सुमारे पन्नास देशांनी बाजू मांडली. १९७१ साली याच पीस पॅलेसमध्ये नामिबियाबद्दल छगला बोलले, नायजेरियाचे वकील बोलले, हॉलंडचे बोलले. खुद्द नामिबियाच्या लोकांतर्फे बोलायला त्यांचा स्वतःचा कोणी माणूस तेथे नव्हता. या वेळी नामिबिया या सार्वभौम राष्ट्राच्या कायदामंत्री, एक काळी आफ्रिकी महिला, न्यायाधीशांसमोर उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या एका जनतेच्या वतीने बोलल्या.